नौका-प्रतिकृतींचा दोरसाज

शिडाच्या नौकेची लहान आकारातील प्रतिकृती तयार करताना डोलकाठ्यांना आधार देणारे आणि शिडे हाताळण्यास उपयोगी पडणारे जे दोर तिच्यावर बसवितात, त्यांच्या समग्र जुळणीस दोरसाज म्हणतात. प्रतिकृतीचा सांगाडा एकदा नीट जमला, की तो पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहू शकतो. दोरांचे तसे नसते. ते बांधल्या दिवशी ताठ दिसतात, पुढल्या ऋतूत सैल पडतात आणि काही वर्षांत तुटू लागतात. म्हणून जुन्या संग्रहांतील अठराव्या शतकातील प्रतिकृतींचे सांगाडे मूळचे असले, तरी त्यांवरील दोर पुष्कळदा नंतरच्या दुरुस्तीतील असतात. प्रतिकृतीचे दोर ताठ राखणे हा प्रथमदर्शनी छंदाचा विषय वाटतो. परंतु ज्या नौकांचे मूळ नमुने उरलेले नाहीत, त्यांच्या बाबतीत प्रतिकृती हाच अभ्यासाचा एक आधार असतो आणि तिच्यावरील दोर चुकीचा असेल, तर नौकेविषयीची समजूतही चुकते. मराठा आरमारातील गुराबा व गलबते यांची गणना अशाच नौकांत करावी लागते.

शिडाच्या नौकेवरील दोरांचे दोन वर्ग पडतात. डोलकाठी जागच्या जागी उभी ठेवणारे ते स्थिर दोर. परभाण व शीड वर-खाली करणारे, वळविणारे किंवा आवळणारे ते चल दोर. स्थिर दोरांपैकी डोलकाठीच्या दोन्ही बाजूंस उतरणाऱ्यांना येथे पार्श्वदोर, पुढे नाळेकडे जाणाऱ्यांना अग्रदोर व मागे उतरणाऱ्यांना पश्चदोर म्हटले आहे. यूरोपीय बांधणीच्या जहाजांवर पार्श्वदोरांना आडव्या दोऱ्या बांधून खलाशांना वर चढण्यासाठी शिडी केलेली असते. स्थिर दोरांवर डांबर चढवीत, म्हणून ते काळपट दिसत; चल दोर बहुधा तागाच्या किंवा अंबाडीच्या मूळ फिकट रंगाचे राहत. डांबराचा हेतू शोभा हा नव्हता. त्यामुळे पाणी दोरात शिरत नसे व दोर कुजत नसे. प्रतिकृतीकार हा रंगभेद कसोशीने पाळतात. मात्र ज्या कारणासाठी तो निर्माण झाला, ते कारण, म्हणजे ओलावा, त्यांच्या कामात अधिकच त्रासदायक ठरते.

झोळाचे गणित : दोन पक्क्या टोकांमध्ये बांधलेला धागा किंचित लांबला, तरी त्याचा झोळ अपेक्षेपेक्षा फार मोठा दिसतो. टोकांमधील अंतर, धाग्याची वाढलेली लांबी व ३ यांचा गुणाकार करून त्यास ८ ने भागावे आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे, म्हणजे झोळाची खोली स्थूलमानाने मिळते. ३० सेंमी. लांबीच्या दोऱ्यात केवळ ०.३ मिमी. वाढ झाली, म्हणजे हजारी एक भाग, तर झोळ सु. ६ मिमी. येतो. वाढ शेकडा एक झाली, तर तो सु. १८ मिमी. होतो. शंभरास एक या प्रमाणातील प्रतिकृतीवर ६ मिमी. झोळ म्हणजे प्रत्यक्ष जहाजावर ६० सेंमी. लोंबणारा दोर होय. असा अग्रदोर कोणत्याही तांडेलाने चालवून घेतला नसता.

याच गणिताची दुसरी बाजू म्हणजे झोळ काढण्यासाठी धागा फारसा ओढावा लागत नाही; अंशमात्र ओढ पुरते. तथापि नवखा कारागीर येथेच चुकतो. झोळ डोळ्यांना मोठा दिसतो, म्हणून तो जोरही मोठा लावतो. प्रतिकृतीच्या वरच्या डोलकाठीची जाडी पुष्कळदा दोन-तीन मिमी. एवढीच असते. ती वाकते, तिच्या वाकण्याने समोरच्या बाजूचा आधी बांधलेला दोर सैल पडतो. तो आवळावा तर पहिला ढिला होतो. अशा रीतीने दोन्ही बाजू आलटून पालटून आवळीत गेल्यास शेवटी डोलकाठी धनुष्यासारखी वाकते किंवा मोडते, आणि दोर मात्र काही महिन्यांनी पुन्हा लोंबू लागतात. ताठपणा हा ओढण्याच्या जोरावर अवलंबून नसून धाग्याची लांबी कायम राहण्यावर अवलंबून असतो, ही गोष्ट या कलेत सर्वांत महत्त्वाची आहे.

सैल दोरही प्रतिकृतीवर खऱ्यासारखा लोंबत नाही. जहाजावरील जाड दोर आपल्या वजनाने सुबक वक्रात खाली येतो. प्रतिकृतीवरील धागा वजनाच्या मानाने ताठर असतो व त्याच्या पिळामुळे तो कुठेतरी वेडावाकडा वळतो. म्हणून जे दोर मुद्दाम सैल दाखवावयाचे, त्यांना पातळ गोंद लावून, लहानसे वजन अडकवून व वाळेपर्यंत तसेच ठेवून वक्र द्यावा लागतो. ताठ दोर ताठ ठेवण्याइतकेच हे काम कौशल्याचे आहे.

आर्द्रता आणि पीळ : कापूस, जवसाचा तंतू, ताग, काथ्या यांसारखे वनस्पतिज तंतू हवेतील बाष्प शोषून घेतात. कापसाच्या बाबतीत व्यापारात गृहीत धरलेले बाष्पाचे प्रमाण कोरड्या वजनाच्या ८.५%, जवसाच्या तंतूच्या बाबतीत १२%, रेशमाच्या ११%, नायलॉनच्या सु. ४.५%, तर पॉलिएस्टरच्या केवळ ०.४% असते. ओला झालेला वनस्पतिज तंतू जाडीने पुष्कळ फुगतो, लांबीत मात्र त्याची वाढ नगण्य असते. एकेरी सरळ तंतूंपासून दोर बनला असता, तर ओलाव्याने त्याची लांबी जवळजवळ तेवढीच राहिली असती. पण दोर पिळलेला असतो आणि सारा फरक पिळानेच पडतो.

पिळलेल्या दोरातील तंतू मळसूत्राप्रमाणे तिरका फिरत जातो. तंतू फुगल्यामुळे दोराचा घेर वाढला, की प्रत्येक फेऱ्याला अधिक लांबी लागते. तंतू स्वतः लांबत नाही, तेव्हा ही वाढीव लांबी दोराच्या सरळ लांबीतूनच भागवावी लागते व दोर आखूड होतो. पिळाचा कोन २०° असलेल्या दोराची जाडी १०% वाढली, तर हिशेबाने त्याची लांबी सु. १.४% कमी होते. ३० सेंमी. धाग्यात हा फरक चार मिमी.हून अधिक भरतो. दोर वाळला म्हणजे क्रिया उलटी होते व तो पुन्हा लांबतो. पीळ जितका घट्ट, तितका हा फरक मोठा.

खलाशांना ही गोष्ट गणितावाचून ठाऊक होती. पाऊस सुरू झाला, की ते चल दोर थोडे सोडून ठेवीत. न सोडल्यास आखडलेला दोर शीड फाडी किंवा खुंटी उपटी. रोममध्ये १५८६ साली दोमेनीको फोंताना या वास्तुविशारदाने ईजिप्शियन स्तंभ उभा केला, त्या वेळी दोर ढिले पडू लागताच गर्दीतील एका खलाशाने दोरांवर पाणी ओतण्यास ओरडून सांगितले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. स्तंभाची उभारणी ऐतिहासिक आहे. खलाशाची गोष्ट खरी असो वा नसो, ती रचणाऱ्यास दोराचा गुणधर्म नीट माहीत होता.

नायलॉनचे वर्तन याच्या उलट असते. तो ओला झाल्यावर लांबतो. त्यामुळे सुती व नायलॉनचे धागे एकाच प्रतिकृतीवर मिसळून वापरल्यास पावसाळ्यात एक वर्ग आखडतो व दुसरा लोंबतो, आणि दोहोंच्या ओढाताणीत डोलकाठ्या तिरप्या होतात.

महाराष्ट्राच्या हवामानात हा प्रश्न विशेष तीव्र आहे. मुंबईत पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता दीर्घ काळ ८० टक्क्यांच्या वर राहते. खानदेशात उन्हाळ्याच्या दुपारी ती पुष्कळदा ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. सुती दोरांची प्रतिकृती श्रावणात किनाऱ्यावर सजविली, तर त्या वेळी तिचे दोर सर्वांत आखूड स्थितीत बांधले जातात. तीच वैशाखात खानदेशात नेली, तर दोर वाळून लांबतात आणि बहुतेक सर्व झोळ धरतात. उलट कोरड्या दिवसांत ताठ बांधलेली प्रतिकृती दमट हवेत गेली, की दोर आखडतात व नाजूक काठ्या वाकतात. दोहोंपैकी दुसरा प्रकार अधिक घातक होय. कारण सैल दोर पुन्हा बांधता येतो, मोडलेली काठी मूळची राहत नाही. हा फरक अनुभवण्यास प्रतिकृती एका जिल्ह्यातून दुसऱ्यात न्यावीच लागते असे नाही. सातपुड्यातील तोरणमाळसारख्या (ता. अक्राणी, जि. नंदुरबार) उंच पठारी गावी पावसाळ्यात दिवसचे दिवस धुके घरात शिरते आणि उन्हाळ्यात हवा कोरडी होते, तेथे एकाच खोलीत वर्षभरात दोराची दोन्ही टोके दिसतात.

धनुष्याच्या दोरीशी तुलना : याच परिसरातील एक जुने साधन या प्रश्नावर प्रकाश टाकते. सातपुड्यातील भिल्लांच्या कामठ्याची, म्हणजे धनुष्याची, काठी बांबूची असते आणि परंपरेने त्याची दोरीही बांबूच्या सालीकडील चिवट पट्टीची करतात. ही दोरी पिळलेली नसते. तिच्यातील तंतू टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेले असतात. बांबू किंवा लाकूड ओलाव्याने आडवे फुगते, तंतूंच्या दिशेने मात्र अत्यल्पच लांबते. त्यामुळे पिळाच्या दोरीस जो दोष जडतो, तो या पट्टीस मुळातच नसतो.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा आहे. कामठ्याची काठी वाकवूनच दोरी चढवितात, आणि वाकलेली काठी सतत सरळ होऊ पाहते. दोरी किंचित लांबली, तर काठी तेवढी सरळ होऊन तो फरक गिळते. दोरीवरील ताण थोडा घटतो, पण झोळ पडत नाही. जहाजावर हेच काम काही अंशी डोलकाठीचा लवचिकपणा करतो. प्रतिकृतीत दोर दोन जवळजवळ अचल बिंदूंमध्ये गोंदाने पक्का केलेला असतो व फरक गिळणारे काहीच नसते. धागा न बदलणारा घ्यावा किंवा व्यवस्थेत कुठेतरी थोडी लवचिकता ठेवावी, असे दोनच मार्ग उरतात. दोर ताठ ठेवण्याच्या ज्या अनेक युक्त्या प्रचारात आहेत, त्या सर्व या दोहोंपैकी एकीत बसतात.

भारतीय नौकांचा दोरसाज : सर्व दोर ताठ असावेत ही अपेक्षा यूरोपीय चौकोनी शिडांच्या जहाजांवरून आली आहे. पश्चिम किनाऱ्यावरील तिरप्या परभाणाच्या व त्रिकोणी वा तत्सम शिडाच्या नौकांना ती सरसकट लागू पडत नाही. अशा नौकेवर लांब परभाण डोलकाठीभोवती फिरवून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस न्यावे लागते. पक्के बांधलेले पार्श्वदोर व अग्रदोर त्याच्या वाटेत येतात. म्हणून पार्श्वदोर थोडे असून ते सोडून दुसरीकडे नेण्याजोगे असतात. वाऱ्याकडील बाजूचे आवळतात, वाऱ्याआडच्या बाजूचे सैल सोडतात. परभाण वर चढविणारा जाड दोर डोलकाठीच्या मागे उतरून बांधलेला असतो व तोच पश्चदोराचे काम करतो. यास्तव शीड उभारलेल्या गलबताच्या किंवा फत्तेमारीच्या प्रतिकृतीवर दोन्ही बाजूंचे पार्श्वदोर सारखेच ताठ दाखविले असतील, तर ते नीटनेटके असूनही चुकीचे होय. अशा प्रतिकृतीत वारा कोणत्या बाजूचा, हे आधी ठरवावे लागते व मगच कोणता दोर ताठ हे ठरते.

मराठा आरमारातील नौकांचे अठराव्या शतकातील सर्वांत उपयुक्त वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गुराबेला सामान्यतः दोन, क्वचित तीन डोलकाठ्या असत. तीन काठ्यांची गुराब सु. ३०० टनांची, तर दोन काठ्यांची सु. १५० टनांपर्यंतची असे. गलबत ७० टनांपेक्षा क्वचितच मोठे असून त्यास दोन काठ्या, मुख्य काठीवर एक फार मोठे त्रिकोणी शीड व ४० ते ५० वल्ही असत. शिडाचे टोक काठीच्याही पुष्कळ वर जाई, असे तो नमूद करतो. मागची काठी लहान व हलकी होती. दोर किती होते, कोठे बांधत व कसे आवळीत, याविषयी वर्णनातून फारसे हाती लागत नाही. प्रतिकृतीकारास ही उणीव किनाऱ्यावर अलीकडेपर्यंत चालत असलेल्या शिडाच्या नौकांच्या रीतीवरून भरून काढावी लागते. यूरोपीय जहाजांच्या पुस्तकांतील दोर उचलून गलबतावर लादणे हा सोपा मार्ग आहे व तो अनेकांनी पत्करलेलाही आहे. त्याने काठीभोवती जाळे दाट दिसते, पण परभाण फिरविण्यास वाट उरत नाही.

याउलट दिशेने झालेले मोठे काम फ्रान्स्वा-एदमाँ पारी (१८०६–९३) या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याचे होय. जगप्रवासात त्याने यूरोपाबाहेरील नौकांची मापे व रेखाटने घेतली. त्यांत भारतीय किनाऱ्यांवरील नौकाही होत्या. हा ग्रंथ १८४० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाला आणि पुढे पारी पॅरिसच्या नाविक संग्रहालयाचा प्रमुख असताना त्याच्या रेखाटनांवरून प्रतिकृती तयार झाल्या. नौका प्रत्यक्ष चालत असताना दोर पाहून नोंदविणारा अभ्यासक म्हणून त्याचे महत्त्व आहे.

मुंबईत बांधलेल्या मोठ्या जहाजांची स्थिती निराळी आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आल्यानंतर त्यांच्या घराण्याने येथील गोदीत सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी कॉर्नवॉलिस (१८१३) या जहाजावर १८४२ चा नानकिंगचा तह झाला. एशिया (१८२४) नव्हारीनोच्या लढाईत (१८२७) ब्रिटिश आरमाराचे प्रमुख जहाज होते. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात सोडलेले ट्रिंकोमाली इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही पाहावयास मिळते. ही जहाजे ब्रिटिश नौदलाच्या पद्धतीने सजविलेली असल्याने त्यांच्या प्रतिकृतींवर दाट, ताठ व दोन्ही बाजूंस सारखा दोरसाजच योग्य ठरतो. एकाच बंदरात गलबताचा व युद्धनौकेचा दोरसाज इतका भिन्न असे, हे लक्षात ठेवावे लागते.

प्राचीन पुराव्यांत दोरांची माहिती त्रोटक मिळते. लोथल येथे शि. रं. राव यांना सापडलेल्या भाजक्या मातीच्या नौकेत डोलकाठीसाठी खोबण आहे. यज्ञश्री सातकर्णी याच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांची नौका असून तिचे दोर रेषांनी दाखविले आहेत. नाण्यावरील दोर सरळच असणार; ठसा कोरणाऱ्याला झोळ दाखविण्याचे प्रयोजन नव्हते. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील तीन शिडांच्या नौकेचे चित्र अधिक बोलके आहे. पाचव्या शतकातील अजिंठ्याच्या नौकाचित्रावरून गोव्यात एक शिवलेली नौका उभारण्यात आली व ती कौंडिण्य या नावाने २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाली. मूळ आराखडा उपलब्ध नसल्याने चित्रावरून मापे ठरवावी लागली व मद्रास येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या साहाय्याने प्रतिकृतीवर जलगतिकीय चाचण्या घेण्यात आल्या. या नौकेच्या फळ्या खिळ्यांनी नव्हे, तर काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. येथे दोरी ताठ राहणे हा दिसण्याचा प्रश्न न राहता नौका तरण्याचा प्रश्न बनतो.

धागा निवडणे व तयार करणे : प्रतिकृतीसाठी पूर्वी जवसाचा धागा सर्वोत्तम मानीत. तो मजबूत व गुळगुळीत असतो. कापसाच्या धाग्यावर बारीक लव राहते व लहान प्रमाणात ती काथ्याच्या दोरासारखी दिसते. रेशीम देखणे, परंतु प्रकाशाने लवकर झिजते. अलीकडे पिळलेला पॉलिएस्टरचा धागा अधिकाधिक वापरात येत आहे. बाष्प जवळजवळ न शोषल्यामुळे त्याची लांबी ऋतुमानाने फारशी बदलत नाही. त्याची कृत्रिम चकाकी हा दोष असला, तरी मेण लावून ती मंद करता येते.

बाजारातील रीळावर धागा ताणून गुंडाळलेला असतो. तो तसाच वापरल्यास बांधल्यानंतर त्याचा साठलेला ताण हळूहळू मोकळा होतो. यासाठी धाग्याचे लांब तुकडे करून ते वजन अडकवून टांगतात, एक-दोनदा ओले करून वाळू देतात व एक-दोन दिवस तसेच ठेवतात. वजन धागा ताठ राहील इतकेच असावे. तुटण्याच्या बेतात आणणारे नसावे. त्यानंतर धागा मधमाशीच्या मेणावरून ओढून बोटांनी चोळतात. मेणाने लव बसते, गाठ सरकत नाही आणि बाष्प आत-बाहेर जाण्याचा वेग कमी होतो. मेणामुळे बाष्प थांबते अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ते केवळ सावकाश जाते. एका पावसाच्या दिवसाचा परिणाम मेण झेलते, संपूर्ण पावसाळ्याचा नाही.

बांधणीचा क्रम : दोर खालून वर, आतून बाहेर व पुढून मागे बांधावेत, असा सर्वसाधारण नियम आहे. पार्श्वदोरांची पहिली जोडी उजव्या बाजूस, दुसरी डाव्या बाजूस, अशी आळीपाळीने बसवितात. त्यामुळे डोलकाठी एका बाजूस झुकत नाही. जहाजावर पार्श्वदोराच्या खालच्या टोकाशी तीन छिद्रांचे दोन गोल लाकडी ठोकळे असतात व त्यांतून ओवलेल्या बारीक दोरीने तो आवळतात. इंग्रजी खलाशी या ठोकळ्यांना डेडआय म्हणत. प्रतिकृतीवरही ही रचना खरोखर चालण्याजोगी केल्यास मोठा लाभ होतो. सर्व स्थिर दोर बसेपर्यंत या दोऱ्यांच्या गाठी कच्च्या ठेवाव्यात. शेवटी सर्वांवर एकदा हलकासा ताण सारखा करून मग त्या पक्क्या कराव्यात. ज्यांनी प्रत्येक दोर बांधताच गोंदाने कायम केला, त्यांना शेवटचा अग्रदोर बसविताना पहिले दोन सैल झालेले आढळतात.

पार्श्वदोरांवरील आडव्या दोऱ्या बांधताना होणारी चूक फार सामान्य आहे. प्रत्येक गाठ आवळताना बाहेरचे दोर किंचित आत ओढले जातात व दहा-वीस गाठींनंतर दोरांची रांग मध्ये चिंचोळी होते. दोरांच्या मागे अंतरे आखलेला पुठ्ठा लावून, प्रथम दर पाचवी-सहावी दोरी बांधून व मग मधल्या भरून हा दोष टाळतात. आडवी दोरी दोन दोरांमध्ये किंचित लोंबावी. खलाशाच्या पायाने ती तशीच होत असे.

लवचिकतेच्या युक्त्या : काही कारागीर महत्त्वाच्या दोराचे एक टोक तक्त्याच्या छिद्रातून आत नेऊन सांगाड्यात दडविलेल्या बारीक कमानीला किंवा वजनाला बांधतात. धागा वाढला वा आटला, तरी कमान तेवढी सरकते व ताण कायम राहतो. कामठ्याचेच तत्त्व येथे प्रतिकृतीच्या पोटात लपविलेले असते. प्लॅस्टिकच्या लहान जहाजांवर तंतूऐवजी तापवून ओढलेले प्लॅस्टिकचे केस वापरतात. ते चिकटवून झाल्यावर विझविलेल्या काडीची किंवा उदबत्तीची धग क्षणभर जवळ नेली, की ते आखडून ताठ होतात. क्षण लांबला तर तुटतात. रबरासारखे ताणले जाणारे कृत्रिम धागेही मिळतात. बिनतारी खांब व तारा दाखविण्यास ते सोयीचे आहेत, मात्र त्यांना पीळ नसल्याने जुन्या जहाजाच्या दोराचा भास त्यांतून होत नाही.

तलावात सोडण्याच्या शिडाच्या छोट्या नौकांवर दोर वरचेवर जुळवावे लागतात. त्यासाठी तीन छिद्रांची चपटी पट्टी वापरतात. दोर तिच्यातून नागमोडी ओवलेला असतो; ताण पडला की घर्षणाने पट्टी जागीच अडकते व हाताने तिरपी केली की सरकते. तंबूच्या ताणदोराला असते तीच ही योजना होय.

जतन : संग्रहालयात दोर पुन्हा आवळण्यापेक्षा भोवतालची हवा स्थिर ठेवणे अधिक श्रेयस्कर मानतात. प्रतिकृती बंद काचपेटीत ठेवून आत बाष्प शोषणारे व सोडणारे सिलिका जेल ठेवल्यास आर्द्रतेचे चढउतार सौम्य होतात. वर्षभर मध्यम व न बदलणारी आर्द्रता राहणे हे ती ठरावीक आकड्यावर आणण्यापेक्षा महत्त्वाचे असते. पेटीचे लाकूडही निवडून घ्यावे लागते. ओकसारख्या लाकडातून निघणाऱ्या ॲसिटिक अम्लाच्या वाफांनी शिशाचे ओतीव ठोकळे व कप्प्या पांढऱ्या भुकटीत बदलत जातात. अशा वेळी दोर शाबूत असूनही त्याचे टोक सुटते व तो सैल पडल्यासारखा वाटतो.

गाठींवर झटपट सुकणारा सायनोॲक्रिलेट जातीचा गोंद घालण्याची प्रथा वेळ वाचविते. परंतु गोंद शोषलेला धागा काचेसारखा ठिसूळ होतो व नेमका गाठीजवळ तुटतो. शिवाय पुढे दुरुस्ती करणाऱ्याला ती गाठ सोडविता येत नाही. पांढरा पॉलिव्हिनिल ॲसिटेट गोंद पाण्याने पातळ करून लावल्यास काम सावकाश होते, पण ओलाव्याने तो मऊ करून गाठ पुन्हा उकलता येते. जुना दोर बदलण्यापूर्वी त्याची जाडी, पिळाची दिशा, रंग व बांधण्याची जागा यांची नोंद आणि छायाचित्र घेतात. सैल असलेला दोर मुळातच सैल ठेवलेला होता काय, हेही त्याच वेळी तपासावे लागते. गलबताच्या वाऱ्याआडच्या बाजूचा पार्श्वदोर सदिच्छेने आवळून टाकला, तर मूळ कारागिराने नोंदविलेली वाऱ्याची दिशा त्या प्रतिकृतीवरून नाहीशी होते.